चूक झाली तर नाव कोणाचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

सोलापुरातील एक वकील भगिनी लिहितात: वडिलांनी सुरू केलेले कार्यालय त्या गेली 11 वर्षे चालवत आहेत. त्यांच्याशिवाय तेथे सात माणसे आहेत. वडिलांचे सहकारी असलेले एक ज्येष्ठ वकील, ज्यांना सगळे काका म्हणतात, चार ज्युनिअर, 22 वर्षे नोकरीत असलेले क्लार्क, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आणि मराठी टंकलेखन करणाऱ्या एक बाई. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला, आणि तेव्हापासून कार्यालयातील अपिलांचे काम वाढले. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करण्यात रात्री जाऊ लागल्या. म्हणून त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सेवेची वर्षभराची वर्गणी भरली आणि बाहेरून प्रशिक्षक बोलावून एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले. त्याला चार महिने झाले. काकांनी 'माझ्या फायलीला यंत्र लावायचे नाही' असे सांगून टाकले. टायपिस्ट बाई दोनदा रडल्या. 'आमच्या घरानं एकदा गिरणी बंद झालेली बघितली आहे,' एवढेच त्या बोलल्या. ज्युनिअर मंडळी कार्यालयाची सेवा सोडून फोनवरचे फुकटचे ॲप चोरून वापरतात, असे कळले. मामांनी प्रशिक्षणाच्या दिवशी एकच प्रश्न विचारला, 'यंत्राची चूक झाली तर नाव कोणाचं?', त्यावर प्रशिक्षक हसले आणि पुढे गेले. तेव्हापासून मामा या विषयावर बोललेले नाहीत. गेल्या महिन्यात एका ज्युनिअरच्या लेखी युक्तिवादात अस्तित्वातच नसलेला निवाडा निघाला. तो दाखल होण्याआधी 'नशिबाने' मामांच्या लक्षात आला. हा विरोध कसा मोडून काढायचा, वापर सक्तीचा करायचा का, आणि टायपिस्टची जागा ठेवायची का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात 'विरोध' हा शब्द सहा ठिकाणी आला आहे, म्हणून दुसऱ्या वाचनात मी पेन्सिल घेऊन बसलो आणि नेमका विरोध कोणी केला आहे, हे शोधले. काकांनी केला, आणि तोही तोंडावर, कारण सांगून. टायपिस्ट बाई घाबरल्या आहेत. मामांनी प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाले नाही म्हणून ते थांबले. ज्युनिअर चौघे तर तुमच्यापेक्षा जास्त वापर करत आहेत, फक्त तुमच्या नकळत. सात माणसांत विरोध करणारा एक निघाला. उरलेल्या सहा जणांच्या मनात जे आहे त्याला तुम्ही विरोध हे नाव दिले, आणि एकदा ते नाव दिले की तो मोडण्याशिवाय दुसरा विचार सुचत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की मोडून काढण्यासारखे तेथे फारसे काही नाही; ऐकून घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि त्याची सुरुवात मामांच्या प्रश्नापासून करावी लागेल.

त्या दिवशीच्या प्रशिक्षणात वकिलाला शोभेल असा प्रश्न एकट्या मामांनी विचारला, असे माझे मत आहे. त्याचे कायद्यातील उत्तर सोपे आहे: वकालतनाम्यावर, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर, ज्या वकिलाची सही, त्याचे नाव. एका विमान कंपनीविरुद्धच्या न्यूयॉर्कमधील खटल्यात 2023 साली हेच घडले. वकिलाने चॅटजीपीटीकडून निवाडे घेतले, त्यांपैकी सहा मुळात अस्तित्वात नव्हते, आणि शंका आल्यावर त्याने ते खरे आहेत का हे पुन्हा त्याच यंत्राला विचारले. यंत्राने होय म्हटले. जून 2023 मध्ये न्यायालयाने दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून 5,000 डॉलरचा दंड केला. या निकालातील एक भाग मात्र बातम्यांत मागे पडला, आणि तुमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटले की विश्वासार्ह यंत्राची मदत घेण्यात मुळात काही गैर नाही. राग होता तो निवाड्यांबद्दल न्यायालयाने शंका घेतल्यानंतरही वकील त्यांना चिकटून राहिले याचा. चूक कबूल करायला त्या कार्यालयात कोणी धजावले नाही, आणि त्या न धजावण्याची किंमत दंडापेक्षा कितीतरी जास्त झाली. आपल्याकडेही ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वात नव्हते. यंत्राने दिलेल्या माहितीवर डोळे झाकून विसंबू नका, पडताळून घ्या, असे न्यायालयाने बजावले.

पण मामांना वकालतनाम्यावर सही कोणाची असते हे माहीत नाही, असे तुम्हाला वाटते का? 22 वर्षे तेच वकालतनामे भरत आले आहेत. त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कार्यालयात चूक झाली की ती वरून खाली घसरत येते, हे त्यांनी पाहिले आहे. तारीख चुकली की कोर्टासमोर 'क्लार्ककडून नोंद राहिली' असे आपण सगळेच म्हणतो. मीही म्हटलेले आहे, आणि तेव्हा आमचे क्लार्क माझ्या मागेच बोर्डाचा, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीचा, कागद घेऊन उभे होते. आता यंत्राने खोटा निवाडा दिला, ज्युनिअरने तो उचलला, तुम्ही घाईत सही केली, तर शेवटी 'प्रिंट काढताना पाहिले नाही का?' हे वाक्य कोणाला ऐकावे लागेल, याचा हिशेब मामांनी प्रशिक्षण चालू असतानाच केला. हसून पुढे जाण्याने त्यांना त्यांचे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर वाईट होते.

म्हणून पहिले काम हे करा. सगळ्यांना बसवून स्वतःच्या तोंडाने सांगा की यंत्राच्या मदतीने तयार झालेल्या कोणत्याही कागदातील चुकीची जबाबदारी सही करणाऱ्याची, म्हणजे तुमची, राहील. ती क्लार्क, टायपिस्ट किंवा ज्युनिअर यांच्यावर कोर्टात किंवा पक्षकारासमोर ढकलली जाणार नाही. तेच एका कागदावर लिहून खाली सही करा. तुम्ही वकील आहात, तोंडी शब्द आणि सहीचा कागद यांतला फरक मी तुम्हाला सांगायला नको.

आता त्या 'नशिबाने' या शब्दाकडे येतो. पत्राच्या शेवटी, जणू सहज, तुम्ही तो प्रसंग लिहिला आहे, आणि मला तुमच्या सगळ्या पत्रात तोच सर्वांत मोलाचा वाटला. मामांनी नेहमीप्रमाणे निवाड्यांची यादी हातात घेतली, कारण त्यांना प्रत्येकाच्या दोन प्रती काढायच्या होत्या, एक कोर्टाला आणि एक समोरच्या वकिलांना. चार मिळाले. पाचवा सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर मिळेना. मग ते बारच्या ग्रंथालयात गेले, त्या वर्षाचा खंड काढला, दिलेले पान उघडले, तर तेथे भूसंपादनाचे भलतेच प्रकरण होते. खंड खरा, पान खरे, निवाडा मात्र खोटा. त्यांनी यादीत त्या ओळीसमोर पेन्सिलीने फुली मारली आणि कागद तुमच्या टेबलावर ठेवला.

ताई, यात नशीब कोठे आहे? ही तर पडताळणीची पद्धत आहे, तुमच्या वडिलांच्या काळापासून चालत आलेली, आणि जगभरातल्या मोठ्या फर्म आज नेमकी हीच पद्धत बसवण्यासाठी धडपडत आहेत. तुमच्याकडे ती होतीच, फक्त तिला नाव नव्हते, अधिकार नव्हता आणि मोबदला नव्हता. त्या तिन्ही गोष्टी द्या. मामांची पेन्सिलीची खूण झाल्याशिवाय एकही निवाडा ई-फायलिंगला जाणार नाही, असा नियम करा, आणि तो स्वतःलाही लागू करा. ज्या दिवशी तुम्ही घाईत असताना मामा 'मॅडम, एक राहिलाय' म्हणून तुम्हाला थांबवतील आणि तुम्ही थांबाल, त्या दिवशी कार्यालयाला नियम खरा आहे हे कळेल. या कामाचा वेळ धरा आणि पगारात तो दिसू द्या. यंत्राने लिहिण्याचा वेळ वाचवला आहे, पण तपासण्याचा वेळ वाढवला आहे. हा वाढलेला वेळ कोणीतरी देत असते, आणि तुमच्याकडे तो आजवर मामांनी फुकट दिला.

ते यंत्राला घाबरतात, हे तुमचे गृहीतकही मला पटत नाही. कोरोनाच्या काळात ई-फायलिंग आधी मामा शिकले आणि मग त्यांनी ज्युनिअरना शिकवले, असे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिले आहे. त्या वेळी ते शिकले, कारण त्यांच्या कामाला त्याने हातभार लागत होता आणि नवे काम त्यांचेच राहणार होते. वय तेव्हाही फार कमी नव्हते. वयाचे कारण पुढे केले की आपल्याला विचार करावा लागत नाही, म्हणून ते आपल्याला आवडते.

टायपिस्ट बाईंच्या प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. त्यांचे जे वाक्य तुम्ही लिहिले आहे, ते सोलापुरात कोणीही उगाच बोलत नाही. मी उमेदीची बरीच वर्षे कामगारांची प्रकरणे चालवली. गिरणी बंद झालेल्या घरांतून जी माणसे माझ्याकडे यायची, त्यांच्या बोलण्यात यंत्रांबद्दल किंवा तोट्याबद्दल राग कमी असायचा. पुन्हा पुन्हा यायचे ते एकच: आम्हाला फाटकावरच्या नोटिशीतून कळले, त्याआधी महिनाभर साहेब रोज भेटत होते आणि काही बोलले नाहीत. तुमच्या टायपिस्ट बाई त्या घरात वाढल्या आहेत. तुम्ही चार महिने त्यांच्याशी याबद्दल काही बोललेल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो महिना सध्या चालू आहे.

त्यांना खोटा दिलासा देऊ नका. दिवसभराचे निव्वळ टंकलेखन पुढे राहणार नाही, हे त्यांनाही दिसते आहे. 'काही बदलणार नाही हो' म्हणालात तर तुमच्या पुढच्या शब्दावरही त्यांचा विश्वास बसणार नाही. पण टंकलेखन संपते म्हणून त्यांचे काम संपते, हे मात्र खरे नाही, आणि का ते एका कागदावरून सांगतो.

काही महिन्यांपूर्वी मंगळवेढ्याकडच्या एका जमिनीच्या प्रकरणातील यंत्राने केलेले भाषांतर माझ्या पाहण्यात आले. इंग्रजी इतके सफाईदार होते, की पहिले पान वाचून मी मनात शाबासकी दिली. दुसऱ्या पानावर 'कूळ', म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, या शब्दासाठी यंत्राने घराणे, खानदान या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला होता. 'निशाणी 34' चा, म्हणजे कोर्टाने क्रमांक दिलेल्या पुराव्याच्या कागदाचा, अंगठ्याचा ठसा झाला होता आणि 'इनाम जमीन', म्हणजे राज्यसत्तेने दिलेली जमीन, ही बक्षिसात जिंकलेली जमीन झाली होती. सगळा वाद होता तो 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे 1948 च्या कूळवहिवाट कायद्याने जमीन कसणाऱ्या कुळाला तिचा मालक मानले त्या कृषकदिनी, अर्जदाराचे आजोबा त्या जमिनीवर कूळ होते की नव्हते, यावर. भाषांतरात कूळच नाहीसे झाले, आणि ते नाहीसे झाले हे इंग्रजी वाचणाऱ्याला कधीच कळले नसते, कारण वाक्य व्याकरणाने बिनचूक होते. जुन्या काळी वाईट भाषांतर वाचताना ठेच लागायची, म्हणून आपण मूळ कागद उघडून पाहायचो. आता ठेच लागत नाही, आणि धोका तेथेच आहे.

अशी चूक कोणाला दिसते? ज्याच्या बोटांखालून हजारो सातबारे, फेरफार, कैफियती आणि दरखास्ती गेल्या आहेत त्याला. 'वहिवाट' म्हणजे कोठे ताबा आणि कोठे रस्ता, 'पोटखराबा' म्हणजे काय, हे तुमच्या नव्या ज्युनिअरपेक्षा त्या बाईंना नक्की जास्त कळते. इंग्रजी त्यांचे कच्चे असेल, तर त्यांना एका ज्युनिअरबरोबर बसवा: ज्युनिअर इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगेल, बाई मूळ कागदावर बोट ठेवून ऐकतील, आणि जेथे दोन्ही जुळणार नाही तेथे थांबवतील. 40 पानांना दीड-दोन तास लागतील. पूर्वी दोन रात्री लागत होत्या. जोडीला त्यांनी कार्यालयाची एक शब्दवही करावी, ज्यात असा प्रत्येक अडलेला शब्द, त्याचा आपल्या जिल्ह्यातील अर्थ आणि ठरवलेला इंग्रजी शब्द असेल. ती यंत्राला आधीच देता येते, आणि सहा महिन्यांत ती तुमच्या कार्यालयाची खरी मालमत्ता होईल. जिल्ह्यात कामाला बोलावता येईल असा भाषांतर तपासणारा माणूस मिळणे किती कठीण आहे, हे तुम्ही कोल्हापूरच्या फायली करताना अनुभवले असेलच.

त्यांना लेखी द्या: एक वर्ष नोकरी आणि पगार यांना धक्का लागणार नाही, नवे काम शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतलाच असेल, आणि वर्षाने दोघी मिळून पुन्हा बसाल. वर्षभराचे वचन परवडत नसेल तर सहा महिन्यांचे द्या, पण जे द्याल ते पाळता येईल असे असू द्या. आणि हे काम त्यांना नको असेल, तर तसे म्हणण्याची मोकळीकही त्यांना हवी.

ज्युनिअरांबद्दल तुमचा सूर रागाचा आहे, आणि काही अंशी तो योग्य आहे. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 132 प्रमाणे, जे पूर्वी जुन्या कायद्यात 126 आणि 127 मध्ये होते, पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचे बंधन वकिलावर आहे, तसेच त्याच्या क्लार्कवर आणि कर्मचाऱ्यांवरही आहे. कायद्याने मामांना आणि टायपिस्ट बाईंना त्या विश्वासाच्या उंबऱ्याच्या आत घेतले आहे. फोनवरचे फुकटचे ॲप त्या उंबऱ्याच्या आत नाही. पक्षकाराचे नाव, आधार क्रमांक, नवराबायकोच्या भांडणातील आरोप, अत्याचारपीडित मुलीची ओळख, हे तेथे चिकटवणे म्हणजे कोर्टाच्या पायऱ्यांवर फाईल उघडी ठेवून चहाला जाण्यासारखे आहे. कोणता मजकूर कार्यालयाच्या सेवेत टाकता येईल, कोणता नावे काढून टाकता येईल आणि कोणता कधीच टाकायचा नाही, याचे लेखी नियम हवेत. बालकांवरील अत्याचाराची आणि कौटुंबिक प्रकरणे तिसऱ्या गटात ठेवा, असा माझा आग्रह आहे. तुम्ही घेतलेल्या सेवेच्या करारात मजकूर कोठे साठवला जातो आणि यंत्राला शिकवण्यासाठी वापरला जातो का, हेही एकदा स्वतः वाचा.

पण ते चोरून का वापरतात, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिता की एका ज्युनिअरचा अर्ज चांगला उतरला तेव्हा तुम्ही सर्वांसमोर 'हा तुझा की यंत्राचा?' असे विचारले. ते थट्टेने म्हटले असेल, पण त्या खोलीतल्या चौघांनी त्यातून काय घेतले असेल याचा विचार करा. वापरले असे सांगितले तर श्रेय जाते, नाही वापरले तर उशीर होतो म्हणून बोलणी बसतात. मग गुपचूप वापरणे हाच शहाणपणा ठरतो. त्यात तुमची सेवा कार्यालयाच्या एकाच संगणकावर आणि तिची नोंद तुमच्यापर्यंत येते, फोन मात्र त्यांचा स्वतःचा.

एक बैठक घ्या. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, कोर्टाला सुट्टी असेल तेव्हा, अर्धा-पाऊण तास. त्या दिवसापर्यंत झालेल्या वापराबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, हे आधीच जाहीर करा, आणि पहिली चूक तुमची स्वतःची सांगा. चार महिन्यांत तुमच्याही हातून एखादी झालीच असेल. ज्याच्या युक्तिवादात खोटा निवाडा निघाला, त्या मुलाशी मात्र त्याआधी एकटे बोला. तो महिनाभर गप्प आहे, म्हणजे तो स्वतःला शिक्षा देतो आहे. यंत्राला नेमके काय विचारले, उत्तर कसे आले, कोणत्या क्षणी विश्वास बसला, हे बैठकीत दाखवायला तो तयार होईल का, असे विचारा. तयार नसेल तर आग्रह धरू नका. तयार झाला, तर त्या पाऊण तासात बाकीचे तिघे जेवढे शिकतील तेवढे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाकडून शिकले नाहीत.

ज्युनिअरांची दुसरी एक काळजी आहे, जी तुमच्या पत्रात नाही, पण असायला हवी होती. यंत्र पहिला मसुदा लिहू लागले, तर ही मुले वकिली शिकणार कशी? दाव्याची हकिगत स्वतः लिहिणाऱ्या ज्युनिअरला पक्षकाराला पाच वेळा फोन करावा लागतो. बांध कोणत्या बाजूला, विचारल्यावर म्हातारा सांगतो, 'चिंचेच्या पलीकडं'; ती चिंच 15 वर्षांपूर्वी तोडली आहे हे तिसऱ्या फोनला कळते, ती कोणी आणि का तोडली हे पाचव्या, आणि उलटतपासात प्रकरण उभे राहते ते त्या तोडलेल्या झाडावर. अक्कलकोटकडचा पक्षकार कन्नड मिसळून बोलतो, शहराच्या पूर्व भागातला यंत्रमाग कामगार तेलुगू मिसळून. त्यांच्या बोलण्यातले न बोललेले ऐकायला समोर बसलेला माणूस लागतो. यंत्राला दिलेल्या चार ओळींतून दहा पानांची हकिगत तयार होते, तिच्यात एकही फोन झालेला नसतो. म्हणून माझा सल्ला असा, की पहिली दोन वर्षे हकिगतीचा मसुदा ज्युनिअरने स्वतःच लिहावा. यंत्र त्यानंतर येऊ द्या: 200 पानांतून तारखांचा क्रम लावायला, समोरचा वकील काय विचारेल ते काढायला, इंग्रजी घासूनपुसून घ्यायला.

त्यांना एक सराव द्या. यंत्राला एक जामीन अर्ज लिहायला सांगा आणि त्यातील चुका शोधायला लावा. 1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. तोच आकडा, दोन अर्थ. यंत्राने जुने निवाडे ढीगभर वाचलेले असल्यामुळे ते येथे हमखास घोटाळा करू शकते, आणि ज्याने असा घोटाळा एकदा स्वतः पकडला तो पुन्हा डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

सक्ती करू नका. काकांच्या फायलींवर वकालतनामा काकांचा आहे, तेव्हा तेथे यंत्र लावायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा, आणि तो तुम्ही मानलात तर बाकीच्यांनाही कळेल की या कार्यालयात नाही म्हणता येते. वर जे लेखी नियम सांगितले, त्यांचा पहिला मसुदा काकांनाच करायला सांगा. ज्याला धोके इतके स्पष्ट दिसतात, त्याच्याकडून नियम चांगले होतील.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. रोज तीन तास वाचतील, असे तुम्ही लिहिता. ते कोणाचे? त्या तीन तासांत आणखी तीन फायली घ्यायच्या, असे तुमच्या मनात असेल, तर कार्यालयातल्या माणसांना ते दोन आठवड्यांत कळेल, आणि त्यांनी उत्साह का दाखवावा याचे उत्तर तुमच्याकडे राहणार नाही. वाचलेल्या वेळातला एक तास त्यांना द्या. साडेनऊला सुटणारी मुले आठला सुटली, तर यंत्राची बाजू तुम्हाला मांडावी लागणार नाही. करसल्लागार, सनदी लेखापाल आणि चादरीच्या निर्यातीची कागदपत्रे करणारी कार्यालये यांच्याकडूनही मला याच धर्तीची पत्रे येतात, आणि त्यांतही वाचलेल्या वेळाचा उल्लेख मालकाच्या बाजूनेच असतो.

नोंद ठेवण्याबद्दल एवढेच सांगतो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण आणले, त्यात निष्कर्ष आणि निकाल यांसाठी यंत्र वापरण्यास मनाई आहे, आणि जेथे वापरले तेथे कोणते साधन वापरले व माणसाने कसे पडताळले याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. ते वकिलांना लागू नाही, पण पद्धत उचलण्यासारखी आहे. तारखांच्या डायरीशेजारी एक आखीव वही ठेवा: दिनांक, फाईल, यंत्राने काय केले, कोणी तपासले, काय चूक सापडली. चूक सापडली हा रकाना भरणाऱ्याचे कौतुक झाले पाहिजे. महिनाभर तो रकाना रिकामा दिसला तर समाधान मानू नका, कोणी तपासत नाही असे समजा. पक्षकारालाही वकालतनाम्याच्या वेळी दोन वाक्यांत सांगा की काही कामांत असे साधन वापरले जाते आणि प्रत्येक कागद माणूस तपासतो. नको म्हणाला तर त्याच्या फाईलवर तसे लिहा.

या सगळ्याला फार खर्च नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी मामांच्या प्रश्नाचे उत्तर द्या, कारण बाकीचे सगळे त्या उत्तराकडे कान लावून बसले आहेत. मग त्या मुलाशी बोला. मग शनिवारची बैठक घ्या. टायपिस्ट बाईंशी मात्र बैठकीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात बोला, दुपारी कोर्टातून परत आल्यावर, केबिनमध्ये बोलावून न घेता त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून. आणि पगाराच्या दिवशी हे बोलणे काढू नका. त्यांच्या घरात त्या दिवशीच्या पाकिटाबरोबर एकदा नोटीसही आलेली आहे.

तुमचा स्नेहांकित,
सदरलेखक